आधी टेबलाचे तास मोजा : ठाण्यात हौशी पूल लीग चालवण्याचा जमाखर्च

पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावर काठीने बॉल पाडायचा खेळ) खेळणारी आठ-दहा मंडळी नियमित भेटायला लागली की महिन्याभरात कोणीतरी म्हणतंच, "आपण लीग करूया." त्याच रात्री टीमची नावं ठरतात, व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो आणि पहिलं बक्षीस किती ठेवायचं यावर चर्चा रंगते. माझी कळकळीची विनंती आहे की ही चर्चा तिथेच थांबवा. बक्षीस हा लीगच्या हिशोबातला शेवटचा आकडा. पहिला आकडा टेबलाच्या तासांचा.

पाचपाखाडी-नौपाडा भागात आम्ही आतापर्यंत तीन सीझन केले. दोन नीट पार पडले, एक पाचव्या आठवड्यानंतर कोसळला. त्या सीझनला खेळाडू भरपूर होते आणि पैसेही कोणी खाल्ले नाहीत. आम्ही मोजायचेच विसरलो होतो. तुम्ही पहिल्यांदाच लीग करणार असाल, तर आम्ही जे पैसे देऊन शिकलो ते तुम्हाला फुकट मिळावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. खालचे दर माझ्या हिशोबापुरते धरलेले आहेत. तुमच्या पार्लरचा दर विचारा आणि त्या जागी तो घाला, पद्धत तीच राहील.

"हरेल तो टेबल भरेल" हे आधी सोडा

आपल्याकडच्या पार्लरमध्ये हा नियम सगळ्यांना पाठ असतो. दोघं खेळले, जो हरला त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. मित्रामित्रांत हे ठीक आहे, कारण आज तू उद्या मी. लीगमध्ये मात्र नवशिका खेळाडू सलग चार आठवडे हरू शकतो. म्हणजे तो वर्गणी भरणार, वर टेबलही भरणार, आणि त्याच्या पैशांवर चांगला खेळाडू फुकट खेळणार. तिसऱ्या आठवड्यापासून त्याला ऑफिसात उशीर व्हायला लागतो. चौथ्या आठवड्यात टीम तिघांवर येते. पहिल्या सीझनला आम्ही हीच चूक केली होती, आणि जे सोडून गेले ते सगळे हरणारेच होते.

म्हणून पहिलं काम हे की टेबलाचे पैसे सामायिक तिजोरीतून जातील असं जाहीर करायचं. जिंको वा हरो, माणशी वर्गणी एकच.

टेबल-तास काढायचे कसे

आठ टीम, प्रत्येक टीम प्रत्येकीशी एकदा. म्हणजे सात फेऱ्या, दर फेरीत चार सामने, एकूण २८ सामने. प्रत्येक सामन्यात चार एकेरी लढती आणि लढत तीन फ्रेम (म्हणजे डाव) जिंकेपर्यंत. खेळ एट-बॉल, म्हणजे आपल्या गटाचे बॉल पाडून शेवटी आठ नंबरचा काळा बॉल पाडायचा.

तीन फ्रेम जिंकेपर्यंतची लढत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त पाच फ्रेमची. सरासरी चार धरा. चार लढतींच्या सोळा फ्रेम. आमच्याकडे फ्रेमला सरासरी १२ मिनिटं लागतात, म्हणजे १९२ मिनिटं. मध्ये बॉल लावणं, माणूस शोधणं, पाणी पिणं. सामन्याला साडेतीन टेबल-तास धरले की बरोबर बसतं. दोन टेबलांवर खेळवलं तर पावणेदोन तासांत संपतं, पण तिजोरीतून जाणारे तास तेवढेच.

२८ गुणिले साडेतीन, ९८ तास. उपांत्य फेरीचे दोन आणि अंतिम असे तीन सामने चुरशीचे होतात, त्यांना चार-चार तास द्या. एकूण ११० टेबल-तास. तासाला २०० रुपये धरले तर २२,००० रुपये.

माझी १२ मिनिटं जशीच्या तशी उचलू नका. एका संध्याकाळी वही घेऊन पार्लरमध्ये बसा आणि तुमच्याच लोकांच्या दहा फ्रेमची वेळ लिहून काढा. टीव्हीवर दिसणारे खेळाडू चार-पाच मिनिटांत टेबल साफ करतात. आपल्याकडे मात्र शेवटी काळा बॉल एकटा उरला की दोघंही तो होलच्या तोंडाशी ठेवायला घाबरतात आणि दहा-दहा शॉट नुसते इकडून तिकडे जातात. पावसाळ्यात आणखी एक भर पडते. दमट हवेत कापड ओल धरतं आणि बॉल लवकर थांबतो. जुलैत ठाण्यात खेळवलेली फ्रेम जानेवारीतल्या फ्रेमपेक्षा लांबते, हे आम्ही घड्याळ लावून पाहिलंय.

आता एक बारीक गोष्ट. मार्करदादा, म्हणजे पार्लरमध्ये टेबलं सांभाळणारा माणूस, चिठ्ठीवर वेळ लिहितो ती टेबलावरची लाईट लावल्याची आणि बंद केल्याची. एकदा आमचा सामना नऊ चाळीसला संपला. चिठ्ठीवर मात्र दहा पाच होते. मधली २५ मिनिटं दोन पोरं "जरा एक शॉट बघू" म्हणत खेळत बसली होती. त्या २५ मिनिटांचे झाले ८३ रुपये. हेच २८ सामन्यांत झालं तर सव्वादोन हजारांच्या वर जातं. तेव्हापासून शेवटचा काळा बॉल पडला की यजमान टीमचा कॅप्टन स्वतः म्हणतो, "दादा, लाईट बंद करा," आणि चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर टाकतो. पुढे खेळायचं असेल तर नवी चिठ्ठी, आपल्या खिशातून.

मालकाशी बोलणी

मालकाकडे जाताना त्याचा जमाखर्च डोक्यात असू द्या. भाडं, एसीचं लाईट बिल, मार्करचा पगार हे टेबल रिकामं असलं तरी चालूच असतं. शनिवार-रविवारी त्याला तुमची गरज नाही. सोमवार-मंगळवारी संध्याकाळी त्याची अर्धी टेबलं रिकामी असतात. तुम्ही मागायचे ते हे दिवस.

अमेरिकेत हौशी पूल लीगचा एवढा मोठा पसारा याच गणितावर उभा राहिला. टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९८१ मध्ये ज्या संघटनेची सुरुवात केली ती आज अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन म्हणून ओळखली जाते. तिथे बारमालक लीगला जागा देतो, कारण आठवड्याच्या मधल्या मंद रात्री दोन टीमची माणसं येतात आणि खातात-पितात. खेळाडू दर आठवड्याला ठरलेली फी भरतात, स्थानिक लीग चालवणारा त्यातून आपला खर्च भागवतो आणि काही भाग वरच्या स्पर्धांसाठी जातो. आपल्या पार्लरमध्ये बार नसतो, त्यामुळे मालकाचं उत्पन्न टेबलावरच. म्हणून सूट मागताना बदल्यात काय देताय ते आकड्यात सांगा : "शेठ, दहा आठवड्यांत ११० तास, तेही सोमवार-मंगळवार. दर काय लावता?" असं विचारलं की समोरचा माणूस कॅल्क्युलेटर काढतो. "लीग करतोय, काही कमी करा ना" म्हटलं तर चहा मिळतो.

आणि ठरलेलं लिहून घ्या. एका पार्लरने पाचव्या फेरीच्या दिवशी तोंडी सांगितलं की दर १८० वरून २४० झाला. आमचे ५४ तास उरले होते, म्हणजे ३,२४० रुपयांचा फटका. कागद नसल्यामुळे भांडायला जागाच नव्हती. तो सीझन कोसळण्याचं हे एक कारण, दुसरं पुढे येतं. आता आम्ही साध्या कागदावर पाच ओळी लिहितो : तासाचा दर आणि तो किती तारखेपर्यंत बदलणार नाही, किती टेबलं, कोणते वार, सामना रद्द झाला तर किती तास आधी कळवलं की पैसे लागणार नाहीत, आणि लाईट गेली तर वेळ कशी मोजायची. खाली दोघांच्या सह्या. मालकालाही ते बरं वाटतं, कारण त्याच्याही तारखा पक्क्या होतात.

बोलणी करतानाच टेबल बघून घ्या. पूलच्या टेबलाला विणीचं, लव नसलेलं कापड लागतं. स्नूकरचं लव असलेलं कापड लावलेलं असेल तर बॉल जड चालतो आणि फ्रेम लांबते. बॉलचा संच एकसारख्या मापाचा आहे ना, ५७ मिलिमीटरचा, की दोन संचांची भेळ आहे, हेही बघा. चांगला फेनॉलिक रेझिनचा (एक टणक प्लास्टिक) संच महाग असतो, तो लीगने विकत घ्यायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नये. असलेले बॉल सामन्याआधी पुसून द्या, एवढंच मालकाकडे मागा.

वर्गणी

प्रत्येक टीममध्ये सहा नावं, खेळणार चौघं. एकूण ४८ खेळाडू. नोंदणी माणशी ३०० रुपये, म्हणजे १४,४००. दर फेरीला खेळणाऱ्याकडून १५०, म्हणजे टीमचे ६०० रुपये. आठ टीम, सात फेऱ्या : ३३,६००. एकूण जमा ४८,०००. टीमवर ६,००० आणि माणशी सरासरी हजार रुपये. उपांत्य-अंतिम फेरीला वेगळी वर्गणी घेऊ नका, तोवर ती टेबलं सगळ्यांनी मिळून भरलेली असतात.

हजार रुपये ऐकून कोणी कुरकुरलं तर त्याला सांगा की त्यातले ४५८ रुपये नुसते टेबलाचे आहेत. हा आकडा सांगता आला की वाद तिथेच मिटतो.

खरा धोका अर्ध्यातून सोडणाऱ्या टीमचा. समजा तिसऱ्या फेरीनंतर दोन टीम गळाल्या आणि त्यांचा आपसातला सामना आधीच झालेला आहे. पुढच्या चार फेऱ्यांत आठ सामने पडले. सामन्यामागे दोन्ही टीमचे मिळून १,२०० रुपये येतात, म्हणजे ९,६०० रुपयांची जमा गेली. मालकाने टेबल सोडलं तर ५,६०० रुपये वाचतील आणि खड्डा चार हजारांचा राहील. नाही सोडलं तर पूर्ण ९,६००. पुढे दिसेल की बक्षिसाची अख्खी थैली जवळजवळ एवढीच आहे. आमचा सीझन कोसळला तो याच हिशोबाने. दरवाढ आणि दोन टीमची गळती एकाच पंधरवड्यात आली.

त्यावर दोन उपाय केले आणि दोन्ही टिकले. एक, वर्गणी हप्त्यात, पण आगाऊ : नोंदणीच्या दिवशी चार फेऱ्यांचे २,४०० आणि चौथ्या फेरीआधी उरलेले १,८००. दोन, टीममागे १,२०० रुपये अनामत. न कळवता गैरहजर राहिलेल्या टीमच्या अनामतीतून दोन्ही टीमची त्या दिवशीची वर्गणी कापली जाते आणि जी टीम येऊन बसली तिला तेवढ्या वेळात टेबलावर सराव करता येतो. हंगाम पूर्ण केला की अनामत परत. अनामत ही जमा नाही, हे खजिनदाराने लक्षात ठेवायचं. ते ९,६०० रुपये खात्यात दिसतात आणि हात शिवशिवतात. वहीत त्यांना वेगळं पान द्या.

खर्चाचं पान

टेबल २२,०००. स्कोअरशीट, खडू आणि किरकोळ १,५००. चषक आणि पदकं ६,०००. अंतिम सामन्याच्या संध्याकाळचा वडापाव-चहा ४,०००. बेरीज ३३,५००. जमेच्या दहा टक्के, ४,८००, अडीअडचणीला बाजूला. आता ३८,३०० झाले. उरले ९,७००.

हे ९,७०० म्हणजे बक्षिसाची थैली. आता बसा चर्चेला.

टी-शर्टचं खूळ प्रत्येक वर्षी निघतं. एकाला ३५० रुपये धरले तर ४८ शर्टांचे १६,८०० होतात, थैलीच्या पावणेदोन पट. ज्यांना हवेत त्यांनी टीमपुरते काढावेत, लीगच्या तिजोरीतून अजिबात नाही.

कच्च्या खेळाडूला टिकवणं हा पैशाचाच प्रश्न

४८ जणांत खरे चांगले खेळाडू आठ-दहा. उरलेले अडतीस-चाळीस जण नियमित येतात म्हणून टेबल भरलं जातं. त्यांना जिंकायची थोडी तरी शक्यता वाटली पाहिजे, म्हणून हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला दिलेली सवलत, लागतो. वर सांगितलेल्या अमेरिकन संघटनेत एट-बॉलला खेळाडूला २ ते ७ अशी पातळी दिली जाते आणि सामन्यात उतरणाऱ्या पाच जणांच्या पातळ्यांची बेरीज २३ च्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे पाच वाघ एका टीममध्ये गोळा करताच येत नाहीत, कच्चा खेळाडू घ्यावाच लागतो. आम्ही याचं सोपं रूप केलंय : तीन पातळ्या, आणि पक्का विरुद्ध कच्चा असेल तर लढत जिंकायला पक्क्याला तीन फ्रेम लागतात आणि कच्च्याला दोन. हे सुरू केल्यापासून मधूनच गळणारे जवळजवळ थांबले. पातळी ठरवायला तीन कॅप्टनांची समिती ठेवा, एकट्याने ठरवलंत तर शिव्या तुम्हाला एकट्याला.

बक्षिसातही हेच धोरण. पहिल्या टीमला ५,०००, दुसरीला ३,०००, आणि १,५०० रुपये कच्च्या पातळीतल्या सर्वात जास्त फ्रेम जिंकणाऱ्याला. एकूण ९,५००. तो शेवटचा १,५०० चा लिफाफा मागच्या वर्षी घोडबंदर रोडवरून बसने येणाऱ्या एका मुलाला मिळाला. पहिल्या सीझनला त्याच्या नावावर एकही विजय नव्हता. लिफाफा उघडायच्या आधी त्याने घरी फोन लावला होता.

प्रायोजक

कोपऱ्यावरचा केकवाला, जिम, क्लासेस, इस्टेट एजंट अशांकडे जा, मोठ्या नावांच्या मागे वेळ घालवू नका. रोख मागण्यापेक्षा वस्तू मागा : चषक तुमच्या नावाने, अंतिम दिवसाचा नाश्ता तुमच्याकडून. सहा हजारांचे चषक प्रायोजित झाले की थैली सहा हजारांनी वाढते. पण प्रायोजकाने हो म्हटलं म्हणून आकडा जमेच्या बाजूला लिहू नका, पैसे खात्यात किंवा चषक हातात आल्यावर लिहा.

पार्लर म्हटलं की आपल्याकडे अजून नाक मुरडतात, दुकानदारही. तिथे मी विल्सन जोन्स यांची गोष्ट सांगतो : पुण्यात जन्मलेल्या या माणसाने १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद जिंकलं आणि खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचाच. समोरच्याचा चेहरा बदलतो.

याच कारणासाठी लीगच्या रात्री पैसे लावून खेळणं पूर्ण बंद ठेवा. राज्यात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे, आणि एका टेबलावर पैजेची नोट दिसली तरी प्रायोजक, मालक आणि पोरांचे आईवडील तिघंही हातचे जातील. आम्ही हे नियमावलीत पहिल्या क्रमांकावर टाकलंय आणि एकदा एका चांगल्या खेळाडूला त्यासाठी उरलेल्या हंगामासाठी बसवलंय.

पैसे ठेवायचे कुठे

"मला जीपे कर" हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट रस्ता. वर्गणी तुमच्या पगाराच्या खात्यात आली की ती भाजीच्या, पेट्रोलच्या नोंदींमध्ये मिसळते आणि महिन्याने तुम्हालाच आठवत नाही. दोन कॅप्टनांच्या नावाने संयुक्त बचत खातं उघडा, दोघांच्या संमतीशिवाय पैसे निघणार नाहीत असं. क्यूआर कोड त्याच खात्याचा. रोख कोणी दिली तर पावती फाडायची, मग तो सख्खा मित्र का असेना.

दर बुधवारी ग्रुपवर तीन ओळी टाका : या आठवड्यात जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. सोबत पार्लरच्या चिठ्ठ्यांचे फोटो. गणपती मंडळाचा जमाखर्च जसा फलकावर लागतो, तसाच हा. कोणी वाचत नाही असं वाटतं, पण ज्या बुधवारी टाकला नाही त्या दिवशी तीन जण विचारतात.

एवढ्या छोट्या लीगला सुरुवातीला नोंदणी लागत नाही. पुढे कंपनीचा प्रायोजक आला आणि संस्थेच्या नावाची पावती मागू लागला तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांची संस्था करता येते, आणि महाराष्ट्रात तिची धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाखांची, ती तुमच्यापासून लांब आहे. एका माणसाला दहा हजारांच्या वर रोख बक्षीस द्यायची वेळ आली तर मात्र टीडीएसबद्दल आधी सीएला विचारा.

तारखा

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सुरू करा. सात फेऱ्या, एक राखीव आठवडा, दोन आठवडे उपांत्य-अंतिमचे. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू होण्याआधी आटोपतं. श्रावण ते दिवाळी हा काळ टाळाच. ठाण्यात दहीहंडी, गणपती, नवरात्र एकामागून एक येतात आणि निम्म्या टीम मंडळांच्या कामात असतात. पावसाने लोकल बंद पडली की उरलेले निम्मे अडकतात. दरवेळी पुढे ढकललेला सामना म्हणजे मालकाच्या वहीत आणखी एक खाडाखोड आणि तुमच्या सवलतीला आणखी एक धक्का.

वाशी-नेरूळच्या टीम असतील तर सामना साडेसातला सुरू करा, म्हणजे ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलची शेवटची गाडी सुटायची भीती राहत नाही. एकदा एक टीम सामना अर्धवट टाकून स्टेशनकडे पळाली. ती उरलेली लढत पुन्हा खेळवायला दीड तास टेबल लागलं, ३०० रुपये, अडीअडचणीच्या रकमेतून.

अंतिम सामन्यानंतर आठ दिवसांत अनामती परत करा आणि पूर्ण हिशोब ग्रुपवर टाका. वरच्या आकड्यांप्रमाणे गेलं तर थैलीतले २०० आणि अडीअडचणीतले जे वाचतील ते हातात राहतात. ती रक्कम कोणाच्या पार्टीला देऊ नका. नव्या वहीच्या पहिल्या ओळीवर "मागील शिल्लक" म्हणून लिहा, खाली दोघं सह्या करा आणि त्याच आठवड्यात मालकाला पुढच्या वर्षीचा दर विचारून घ्या.